दाव्याचे दुसरे टोक



भूतदया हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ काय, हे आता कोणी कोणाला विचारीत नाही. कीर्तनात बुवा सांगतात, सर्व भूतांच्या ठायी पांडुरंग आहे. आपण माना डोलावतो, टाळी वाजवतो आणि काल्याचा प्रसाद घेऊन घरी येतो. घरी आल्यावर गोठ्यातल्या बैलाला पाणी दाखवले की नाही, दारातले कुत्रे शेजारच्या पोराच्या अंगावर धावले की काय, आपली गाय रात्री कोणाच्या ज्वारीत शिरली, या गोष्टींचा त्या कीर्तनाशी काही संबंध आहे असे मात्र आपल्याला वाटत नाही. संबंध आहे की नाही, आणि असेल तर तो कोठवर पोहोचतो, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

प्रश्न सरळ मांडतो. जनावर पाळणारा त्या जनावराचे काय देणे लागतो? शेजाऱ्याचे काय देणे लागतो? आणि हे देणे फिटते तरी केव्हा?

हा प्रश्न हवेतला नव्हे. किल्ले धारूर हे आपल्या बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या डोंगरात वसलेले जुने गाव. खामगावहून पंढरीकडे जाणारा महामार्ग माजलगाव, धारूर, केज असा जातो. म्हणजे हे गाव विठोबाच्या वाटेवरचेच. भोवती हलक्या जमिनीची खेडी, वाड्या, तांडे. कोठे लाल कंधारी गाय, कोठे देवणी बैल, कोठे दोन शेळ्या, आणि कुत्रे तर प्रत्येक दारात. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातली कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. ज्यांची गाडी आहे ते बैलांसकट जातात. घराला कुलूप लागते. मागे राहतात म्हातारी माणसे, न झेपणारी जनावरे आणि उंबऱ्याशी बसून राहिलेले कुत्रे. त्या कुत्र्याचा धनी कोण? त्या थकलेल्या बैलाचा धनी कोण? येथे भूतदयेची परीक्षा आहे.

पैठणच्या रेड्याची कथा आपल्याला पाठ आहे. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला आणि त्याच्या मुखाने वेद वदवले. पण माउली, ही कथा तीन पायऱ्यांची आहे, आणि आपण मधलीच एक पायरी धरून बसलो. पहिली पायरी अशी की, पखाल वाहणाऱ्या त्या रेड्याच्या पाठीवर आसूड पडला आणि वळ उठले ते ज्ञानोबांच्या अंगावर. दुसरी पायरी वेदांची. तिसरी कोणी फारशी सांगत नाही. वेद बोलून झाले, चमत्कार झाला, पैठणकर नमले. मग त्या रेड्याचे काय झाले? त्याला ‘जा बाबा आता’ म्हणून वाटेवर सोडून दिले काय? नाही. परंपरा सांगते की तो भावंडांबरोबर नेवाशाला गेला, आणि पुढे आळंदीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्याने देह ठेवला. तेथे माउलींनी त्याला समाधी दिली. ते समाधिमंदिर आजही आळ्याला आहे.

वेद वदवणे तुमच्या-आमच्या हातचे नाही. पहिली आणि तिसरी पायरी मात्र कोणाच्याही हातची आहे. त्याचा वळ आपल्या अंगावर जाणवावा, आणि काम संपले म्हणून त्याला सोडू नये. एवढे ज्याला साधले त्याला रेड्याची कथा कळली.

दाव्याला दोन टोके असतात. एक जनावराच्या गळ्यात असते, हे सगळ्यांना दिसते. दुसरे खुंट्याला असते असे आपण समजतो, पण खुंटा म्हणजे नुसते लाकूड. ते दुसरे टोक खरे पाहता धन्याच्या हाताला बांधलेले असते. जनावराला आपण वैरणीने, पाण्याने, सवयीने आपल्या स्वाधीन केले. त्याला आता रानात जाऊन पोट भरता येत नाही. तेव्हा ते आपल्याला बांधले गेले तितकेच आपण त्याला बांधले गेलो.

हीच गोष्ट सरकारने कोरड्या भाषेत लिहून ठेवली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुखरूपतेसाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. अन्न, पाणी, निवारा न देणे, हालता येणार नाही इतक्या आखूड साखळीने बांधून ठेवणे, उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हे सर्व त्यात गुन्हे ठरले. आणि दंड किती? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला आज कोण भितो? म्हणजे या बाबतीत कायद्याने आपले बरेचसे ओझे माणसाच्या अंतःकरणावरच ठेवले आहे. ते अंतःकरण घडवणे हे तर संप्रदायाचे काम.

आता कुत्र्याकडे वळू. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले. ही कथा ऐकून आपण दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकतो, आणि ते चांगलेच आहे. पण कोणी म्हणेल, “आमी रोज भाकर टाकतो, पुण्य लागतं म्हणून. ते कुणाला चावलं तर आमचा काय दोष? ते काय आमचं कुत्रं हाय?” बाबा रे, पुण्य घेताना कुत्रे तुझे, आणि चावले की नगर परिषदेचे, असा हिशेब पंढरीच्या दरबारात चालत नाही. ज्याला तू रोज खाऊ घालतोस ते तुझ्या दाराला राखण बसते, तुझ्या दारावरून जाणाऱ्या पोरावर भुंकते. तुझ्या भाकरीनेच ते येथे राहिले. मग त्याला लस टोचून आणणे हा त्या भाकरीचाच दुसरा अर्धा भाग समज.

लशीचे का सांगतो? पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा अंगात प्रकट झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी तो पुरता टाळता येतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका चावलेल्या मुलाला लस टोचून वाचवले, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. कुत्रे चावले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. सांगितलेल्या सगळ्या खेपा पुऱ्या कराव्या. जखमेवर चटणी, चुना, तेल लावू नये. अंगारा-धुपारा करण्यात दिवस घालवू नये. विठोबावर श्रद्धा आहे म्हणून लस नको, असे कोणी म्हणू नये. लस शोधण्याची बुद्धी देणारा दुसरा कोणी देव नव्हे.

पाळीव कुत्र्याचे लसीकरण, त्याची पैदास आवरणे, त्याचा परवाना, ही जबाबदारी धन्याची. मोकाट कुत्री धरून त्यांची नसबंदी करणे, लस देणे आणि पुन्हा जेथून धरली तेथेच सोडणे हे स्थानिक संस्थेचे काम. २००१ च्या नियमांत हे आले, आणि २०२३ साली नवे नियम झाले त्यांतही ही वाटणी कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी असेही सांगितले की, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमाव्या, वाटेल त्या रस्त्यावर घालू नये. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून अशी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. यात दयेला बंदी केलेली नाही. दयेला जागा नेमून दिली, एवढेच.

येथे एक भाविक शंका निघते. नसबंदी म्हणजे देवाच्या सृष्टीत ढवळाढवळ नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच द्यावे. गोऱ्हा खच्ची करून आपण पिढ्यान्‌पिढ्या बैल केला, तेव्हा ही शंका कोणाला आली नाही. कारण त्यात आपले काम होते. आणि कुत्री व्याली की आठ दिवसांची पिल्ले पोत्यात घालून शिवेबाहेर टाकणारे हात कोणाचे? ती ढवळाढवळ नव्हे काय? जन्माला घालून मरायला सोडण्यापेक्षा जन्मच आवरणे यात दया अधिक आहे, असे माझे मत आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये धारूरला लागूनच असलेल्या माजलगाव तालुक्यात, लवूळ गावी जे घडले ते देशभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर, माळवदावर नेत होती, आणि ती पिल्ले पडून किंवा उपाशी मरत होती. वनखात्याने दोन वानरे पकडून दूर नेली. वानरांनी कुत्र्यांवर सूड उगवला, असे मथळे सर्वत्र झळकले. किती पिल्ले मेली त्याच्या आकड्यांवरून वाद झाले, वानर सूड घेतो काय यावर चर्चा झाल्या. पण एक साधा प्रश्न त्या गलबल्यात हरवला. ती पिल्ले कोणाची होती? गावात इतकी पिल्ले जन्मली, वाढली, उचलली गेली. त्यांतल्या एकाचेही दावे कोणाच्या हातात असल्याचे त्या बातम्यांत दिसले नाही. मोजदाद झाली ती मेल्यावर. सूड, वैर या माणसाच्या गोष्टी आपण वानरावर घातल्या, आणि जबाबदारी ही माणसाची गोष्ट मात्र कोणावरच घातली नाही. लवूळकरांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. कोणत्याही गावात डोकावा, हेच दिसेल.

गाईची गोष्ट याहून नाजूक. सकाळी धार काढावी आणि गाय बाजारात सोडून द्यावी, ही रीत अनेक गावांत आहे. ती भाजीवाल्याची पाटी हुंगते, काठी खाते, उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या गिळते, रात्री महामार्गावर बसते. घाटातल्या वळणावर अंधारात बसलेली गाय मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. मग गायही जाते आणि घरचा कर्ता माणूसही जातो. शेतात शिरली तर गरिबाचे उभे पीक जाते. कोणी हाकलायला गेला तर धनीच म्हणतो, “गोमातेला मारतोस?” अहो, दूध आपल्या घरात आणि काठ्या तिच्या पाठीत, हे मातेचे लक्षण की मुलाचे अपलक्षण?

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न ठाऊक होता, म्हणून गावोगाव कोंडवाडा असे. १८७१ चा गुरांच्या आगळिकीचा कायदा त्यासाठीच झाला. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने कोंडवाड्यात घालावे, तेथे त्याला चारापाणी मिळावे, धन्याने दंड आणि खुराकीचा खर्च भरून ते सोडवून न्यावे, अशी ती व्यवस्था. यात जनावराला मार नव्हता, धन्याला चटका होता. दोष कोणाचा आणि दंड कोणाला, हे त्यात बरोबर ओळखले होते. आज बहुतेक गावी कोंडवाड्याच्या भिंती पडल्या, आणि काठी पुन्हा जनावराच्या पाठीवर आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची खबरदारी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. म्हणजे ‘मुकं जनावर, त्याला काय कळतं’ ही सबब धन्याला उपयोगाची नाही. त्याला कळत नाही म्हणूनच धन्याला कळले पाहिजे.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी घेतो. म्हातारा बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याची खांदेमळणी करतो, हळद-तूप लावतो, पुरणपोळी भरवतो. बारा वर्षे त्याने औत ओढले, आता बसला की उठत नाही. घरात वैरण नाही. ऊसतोडीची उचल घेतलेली, मुकादम दारात उभा. १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. खाटकाचा दरवाजा कायद्याने लावला. पण वैरणीची पेंढी काही कायदा आणून टाकीत नाही. मग तो गरीब माणूस रात्री बैलाला दूरच्या माळावर सोडून येतो. त्याला आपण पापी म्हणायचे काय?

येथे सावकाश बोलले पाहिजे. जो सांभाळू शकतो आणि सांभाळीत नाही, तो वेगळा. ज्याच्या हातचे बळच संपले, तो वेगळा. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा माणसे घरदार सोडून जनावरांजवळ पालात राहिली, छावणीतच संसार मांडले. ज्यांनी ते केले त्यांना भूतदया शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. असा माणूस बैल सोडतो तेव्हा त्याच्या घरातही त्या रात्री कोणी जेवत नाही. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्या हातून निसटलेले दाव्याचे टोक गावाने धरावे, हाच धर्म.

आणि जे बैल उसाच्या गाडीला जुंपले जातात, त्यांचे काय? ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. हे नियम वाचून गाडीवान कोरडे हसेल. “मालक, बैलाचे तास मोजता, आमचे कोण मोजतो?” त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या स्वतःच्या पाठीवर ओझे आहे त्यालाच सगळी दया शिकवणे सोपे असते. पण ती साखर तुमच्या-आमच्या चहात येते. तेव्हा त्या बैलाच्या मानेवरच्या गळवात खाणाऱ्याचाही वाटा आहे. माणसाची मजुरी वाजवी झाल्यावाचून बैलाचे ओझे हलके व्हावयाचे नाही. दोन्ही दया एकाच दाव्यात गुंफलेल्या आहेत.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कोणी म्हणतात, दया मनातून यावी, तिला नियम कशाला? नियम आला की दया आटते. मला तसे वाटत नाही. दिंडीत आपण चालतो ते रांगेने चालतो, चोपदाराचा दंड वर झाला की गप्प होतो. त्याने भजन आटते काय? हजार माणसांनी एका सुरात गावे म्हणून ती शिस्त असते. गावाचा नियमही तसाच. एकट्याची दया त्याच्या उंबऱ्यापाशी संपते आणि कधी कधी शेजाऱ्याच्या जिवावर उठते. अनेकांनी मिळून, शेजाऱ्याचे पोर, शेतकऱ्याचे पीक आणि मुके जनावर या तिघांचा विचार करून जी दया ठरवली, तिला नियम म्हणतात. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. कर्तव्य हा शब्द ध्यानात ठेवा. ती मनाची लहर नव्हे.

आणि देणे फिटते केव्हा? आळे गावी फिटले तसे. जनावराचा शेवटचा श्वास झाल्यावर, त्याची माती सन्मानाने झाल्यावर. त्याआधी नाही.

मग आपण काय करावे? मोठे काही नको. गावच्या भजनी मंडळाने ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी एक वही करावी. कोणत्या घराला कुलूप लागणार, मागे कोणते जनावर राहणार, त्याला पाणी कोण दाखवणार, हे त्यात लिहावे. जसा हरिनाम सप्ताहाच्या पंगतीचा शिधा आपण घरोघरून जमवतो, तशा चार पेंढ्या जमवाव्या. पंगतीचे उरलेले अन्न प्लास्टिकसकट उकिरड्यावर न टाकता वेगळे काढावे. पाश्चर यांची पुण्यतिथी २८ सप्टेंबर हा जगभर या रोगाच्या प्रतिबंधाचा दिवस पाळतात. त्या सुमारास जनावरांच्या डॉक्टरांना विनंती करून मंदिराच्या पारापाशी कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. गुरांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारून घ्यावा. बिल्ला असला की धनी सापडतो, आणि धनी सापडतो हे ठाऊक असले की जनावर मोकाट सुटत नाही. नगर परिषदेकडे कोंडवाड्याची आणि नसबंदीची मागणी सर्वांनी मिळून करावी. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो, दिंडीचा राहत नाही.

आषाढीला आपण पंढरीला जातो, विठोबाच्या पायावर डोके ठेवतो आणि म्हणतो, देवा, आता तूच सांभाळ. आपल्या दाव्याचे दुसरे टोक त्याच्या हातात आहे, या भरवशावर आपण जगतो. त्याने ते कधी सोडले नाही. ज्याचे आपल्याला असे सांभाळणे आहे, त्याच्या माळेची लाज राखायची तर आपल्या हातातले टोकही आपण सोडू नये, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.

राम कृष्ण हरि.